लुडविग प्रांट्ल

लुडविग प्रांट्ल (४ फेब्रुवारी १८७५, फ्रायझिंग – १५ ऑगस्ट १९५३, ग्यॉटिंगन) हे जर्मन अभियंते व भौतिकशास्त्रज्ञ होते. आधुनिक द्रायुयामिकीचे, म्हणजेच द्रव व वायू यांच्या गतीचा अभ्यास करणाऱ्या शास्त्राचे, ते एक प्रमुख संस्थापक मानले जातात. सीमास्तराची संकल्पना, विमानाच्या पंखाचा गणिती सिद्धांत, स्वनातीत प्रवाहाचा अभ्यास आणि संक्षुब्ध प्रवाहासंबंधीचे संशोधन हे त्यांचे मुख्य कार्य होय. त्यांच्या आधी या विषयात स्वतंत्र व्यवसाय असा जवळजवळ नव्हता. गणितज्ञ एकीकडे आणि कालवे, पंप व नळ यांचे अभियंते दुसरीकडे, अशी विभागणी होती. प्रांट्ल यांच्या प्रयोगशाळेमुळे या दोन्ही बाजू जाणणारा संशोधक तयार झाला आणि विद्यापीठे, विमान कारखाने व शासकीय प्रयोगशाळा यांमध्ये त्याच्यासाठी पदे निर्माण झाली.

बालपण व शिक्षण

प्रांट्ल यांचा जन्म बव्हेरियातील म्युनिकजवळच्या फ्रायझिंग या गावी झाला. त्यांचे वडील अलेक्झांडर प्रांट्ल हे तेथील वाइहेनश्टेफान येथील कृषिविद्यालयात भूमापन व अभियांत्रिकी शिकवीत असत. आई माग्दालेना दीर्घकाळ आजारी असल्यामुळे मुलाचा सहवास वडिलांशीच अधिक राहिला. घरात यंत्रे, उपकरणे आणि पुस्तके होती. वडिलांनी मुलाला भोवतालच्या निसर्गाचे निरीक्षण करण्याची व पाहिलेल्या गोष्टीचे कारण शोधण्याची सवय लावली. पुढील आयुष्यात प्रांट्ल यांची पद्धत हीच राहिली: आधी घटना डोळ्यांनी पाहायची, मनात तिचे चित्र स्पष्ट करायचे आणि त्यानंतरच समीकरणाकडे वळायचे.

१८९४ मध्ये त्यांनी म्युनिकच्या तंत्रविद्यालयात प्रवेश घेतला. तेथे आउगुस्ट फ्यॉप्ल हे यामिकीचे नामवंत प्राध्यापक त्यांना गुरू म्हणून लाभले. प्रांट्ल यांचा डॉक्टरेटचा विषय द्रायूंचा नव्हता. उभी व अरुंद तुळई भाराखाली एका बाजूस कशी कलंडते, हा घन पदार्थांच्या यामिकीतील प्रश्न त्यांनी सोडविला आणि १९०० साली म्युनिक विद्यापीठाची पदवी मिळविली. पुढे १९०९ मध्ये फ्यॉप्ल यांची कन्या गेर्ट्रूड हिच्याशी त्यांचा विवाह झाला. त्यांना दोन मुली झाल्या.

कारखान्यातील नोकरी

पदवीनंतर प्रांट्ल न्यूर्नबर्ग येथील यंत्रे बनविणाऱ्या एका मोठ्या कारखान्यात अभियंता म्हणून रुजू झाले. पुढे मान या नावाने प्रसिद्ध झालेला कारखाना तो हाच. लाकडाचा भुसा व छिलके शोषून घेणारी यंत्रणा सुधारण्याचे काम त्यांच्याकडे आले. हवा अरुंद नळीतून हळूहळू रुंद होत जाणाऱ्या नळीत गेली की तिचा वेग कमी व्हावा आणि दाब वाढावा, अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात तो दाब पुरेसा वाढत नसे. प्रांट्ल यांनी नळ्यांची रचना बदलून यंत्रणा सुधारली आणि तिला लागणारी शक्ती बरीच कमी झाली.

कारखान्याच्या दृष्टीने काम संपले होते. प्रांट्ल यांच्या मनातील प्रश्न मात्र संपला नव्हता. वाहणारी हवा भिंतीला धरून न जाता तिच्यापासून सुटते का? त्या काळच्या आदर्श द्रायूच्या गणितात याचे उत्तर नव्हते, कारण त्या गणितात घर्षण शून्य मानले जाई. अशा घर्षणरहित प्रवाहात ठेवलेल्या वस्तूला काहीच रोध होत नाही, असा निष्कर्ष निघे. नदीत उभ्या राहिलेल्या कोणत्याही माणसाला तो चुकीचा आहे हे कळत असे, पण चूक नेमकी कोठे आहे हे सांगता येत नव्हते.

हॅनोव्हर आणि १९०४ चा निबंध

१९०१ मध्ये, वयाच्या अवघ्या २६ व्या वर्षी, प्रांट्ल यांना हॅनोव्हरच्या तंत्रविद्यालयात यामिकीचे प्राध्यापकपद मिळाले. कारखान्यात सुरू झालेला विचार त्यांनी तेथे पुढे नेला. त्यांनी पाण्याची एक साधी टाकी तयार केली. हाताने फिरविण्याच्या चाकाने तीत पाणी खेळते ठेवले जाई आणि पाण्यात मिसळलेल्या अभ्रकासारख्या खनिजाच्या चकाकत्या कणांमुळे प्रवाहाच्या वाटा दिसत. या टाकीत त्यांनी वेगवेगळ्या आकारांच्या वस्तू ठेवून छायाचित्रे घेतली.

ऑगस्ट १९०४ मध्ये हायडेलबर्ग येथे भरलेल्या तिसऱ्या आंतरराष्ट्रीय गणित परिषदेत त्यांनी अत्यल्प घर्षण असलेल्या द्रवाच्या गतीवर एक छोटा निबंध वाचला. छापील स्वरूपात तो जेमतेम आठ पानांचा होता. त्यातील मुख्य कल्पना पुढीलप्रमाणे आहे. पाणी किंवा हवा यांची श्यानता, म्हणजे आतले घर्षण, कितीही कमी असले तरी वस्तूच्या पृष्ठभागाला अगदी लागून असलेला द्रायू पृष्ठभागाला चिकटून स्थिर राहतो. तेथून थोड्याच अंतरावर तो पूर्ण वेगाने वाहत असतो. या दोहोंमधील पातळ थरात वेग झपाट्याने बदलतो आणि म्हणून घर्षणाचा प्रभाव मुख्यतः तेथेच असतो. या थराला सीमास्तर असे नाव मिळाले. थराबाहेर जुने घर्षणरहित गणित चालते. थराच्या आत समीकरणे पुष्कळ सोपी करता येतात.

यातूनच प्रवाह भिंतीपासून का सुटतो याचाही उलगडा झाला. पुढे दाब वाढत असेल, तर बाहेरचा वेगवान प्रवाह त्या दाबाविरुद्ध जाऊ शकतो. सीमास्तरातील मंदावलेल्या द्रायूची शक्ती मात्र अपुरी पडते. तो थांबतो, उलटा फिरतो आणि प्रवाह पृष्ठभागापासून अलग होतो. न्यूर्नबर्गच्या नळीत दाब का वाढत नव्हता, वस्तूमागे भोवरे का उठतात आणि विमानाचा पंख फार तिरका केला की त्याचे उद्धरण का ढासळते, या सगळ्यांमागे हे एकच कारण होते.

परिषदेतील बहुतेक गणितज्ञांचे या निबंधाकडे फारसे लक्ष गेले नाही. ज्यांनी त्याचे महत्त्व ओळखले, त्यांत ग्यॉटिंगनचे गणितज्ञ फेलिक्स क्लाइन हे होते.

ग्यॉटिंगनची निवड

गणित आणि अभियांत्रिकी यांमधील दरी बुजवावी असा क्लाइन यांचा अनेक वर्षांचा प्रयत्न होता. त्यासाठी त्यांनी उद्योगपतींना एकत्र करून उपयोजित विषयांसाठी निधीही उभा केला होता. त्यांनी प्रांट्ल यांना ग्यॉटिंगन विद्यापीठातील तांत्रिक भौतिकीच्या संस्थेत बोलाविले. हा निर्णय सोपा नव्हता. हॅनोव्हरमध्ये प्रांट्ल पूर्ण दर्जाचे प्राध्यापक होते. ग्यॉटिंगनमध्ये मिळणारे पद त्याहून खालचे होते. शिवाय अभियंत्यांमध्ये राहून काम करण्याची सवय असलेल्या माणसाला विद्यापीठात आपले स्थान काय राहील, ही शंकाही होती. अखेर १९०४ च्या शरद ऋतूत ते ग्यॉटिंगनला गेले. त्याच सुमारास कार्ल रुंगे हे उपयोजित गणितासाठी तेथे आले. १९०७ मध्ये प्रांट्ल यांना पूर्ण प्राध्यापकपद मिळाले. उर्वरित आयुष्य त्यांनी त्याच गावात घालविले.

ग्यॉटिंगनला आल्यावर काही वर्षांतच पहिले शिष्य पुढे आले. हाइनरिक ब्लाझिउस यांनी सपाट पाटीवरील सीमास्तराचे समीकरण सोडवून घर्षणरोधाचे मूल्य काढले. थिओडोर मेयर यांच्याबरोबर ध्वनीपेक्षा अधिक वेगाने वाहणारा वायू कोपऱ्यावरून वळताना कसा प्रसरण पावतो याचा सिद्धांत १९०८ मध्ये पूर्ण झाला. त्या वेळी कोणतेही विमान ध्वनीच्या वेगाच्या जवळपासही पोहोचत नव्हते. प्रश्न होता तो वाफेच्या टर्बाइनमधील तोट्यांचा.

वातविवर आणि नवा व्यवसाय

१९०६ मध्ये जर्मनीत इंजिनावर चालणाऱ्या हवाई जहाजांच्या अभ्यासासाठी एक संस्था स्थापन झाली आणि प्रतिकृतींवर प्रयोग करण्याचे काम प्रांट्ल यांच्याकडे आले. त्यांनी वातविवर, म्हणजे यंत्राने वारा निर्माण करून त्यात प्रतिकृती तपासण्याचा बोगदा, बांधला. त्याच्या कक्षाचा छेद २ मीटर × २ मीटर होता. हवा त्यातून एकदा जाऊन बाहेर न सुटता बंद मार्गाने परत फिरत असे. या रचनेमुळे शक्तीची बचत झाली व वारा एकसारखा ठेवता आला. पुढे अनेक देशांनी हा नमुना स्वीकारला.

या प्रयोगशाळेतील एक प्रकरण विशेष प्रसिद्ध आहे. गोलाला होणाऱ्या हवेच्या रोधाचे ग्यॉटिंगनमधील मोजमाप पॅरिसच्या गुस्ताव्ह आयफेल यांच्या मोजमापाशी जुळत नव्हते. ग्यॉटिंगनचा आकडा दुपटीहून अधिक येत होता. पहिला संशय मोजण्यातील चुकीचा आला. १९१४ मध्ये प्रांट्ल यांनी दोन्ही आकडे खरे असल्याचे दाखविले. सीमास्तर संक्षुब्ध झाला की तो पृष्ठभागाला अधिक काळ चिकटून राहतो, गोलामागील भोवऱ्यांचा पट्टा अरुंद होतो आणि रोध एकदम घटतो. याच्या पुराव्यासाठी त्यांनी गोलावर तारेचे एक पातळ कडे बसविले. अडथळा वाढवूनही रोध कमी झाला.

पहिल्या महायुद्धात विमानांची गरज वाढली, तशी प्रयोगशाळाही वाढली. १९१७ मध्ये अधिक मोठे वातविवर सुरू झाले. १९१८ व १९१९ मध्ये प्रांट्ल यांनी पंखाचा सिद्धांत दोन भागांत प्रसिद्ध केला. पंखाच्या टोकांपासून मागे जाणाऱ्या भोवऱ्यांमुळे उद्धरणाबरोबर एक अटळ रोधही निर्माण होतो आणि लांब, निमुळता पंख हा रोध कमी करतो, हे त्यामुळे आकडेमोडीने सांगता येऊ लागले. इंग्लंडमधील फ्रेडरिक लँचेस्टर यांनी अशाच कल्पना आधी मांडल्या होत्या व ते ग्यॉटिंगनला येऊनही गेले होते. पण अभियंत्याला वापरता येईल असे गणिती रूप त्यांना प्रांट्ल आणि त्यांचे सहकारी आल्बर्ट बेट्झ व माक्स मुंक यांनी दिले. बेट्झ यांनी याच काळात पवनचक्कीला वाऱ्यातील ऊर्जेपैकी जास्तीत जास्त सुमारे ५९ टक्के ऊर्जाच घेता येते, हा नियम मांडला. आजच्या पवनऊर्जा उद्योगात तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

युद्धानंतर जर्मनीवर विमाननिर्मितीचे निर्बंध आले व पैशाची चणचण निर्माण झाली. तरुण संशोधकांना बाहेर वाट शोधावी लागली. मुंक अमेरिकेच्या राष्ट्रीय वैमानिकी सल्लागार समितीत गेले. शत्रुराष्ट्राच्या नागरिकाला देशात येण्याची व सरकारी नोकरीत राहण्याची परवानगी देण्यासाठी राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांना दोन स्वतंत्र आदेश काढावे लागले. तेथे मुंक यांनी दाबलेल्या हवेवर चालणारे वातविवर उभारले.

१९२० नंतरच्या काही वर्षांत प्रांट्ल यांना म्युनिकहून आपल्या गुरूच्या जागी येण्याचे निमंत्रण आले. ते जाऊ नयेत म्हणून झालेल्या वाटाघाटींतून १९२५ मध्ये ग्यॉटिंगन येथे कैसर विल्हेल्म द्रवप्रवाह संशोधन संस्था स्थापन झाली व प्रांट्ल तिचे संचालक झाले. त्याच वर्षी त्यांनी संक्षुब्ध प्रवाहासाठी मिश्रणलांबीची कल्पना मांडली. वायूतील रेणू जसा काही अंतर जाऊन दुसऱ्यावर आदळतो, तसा द्रायूचा गोळा काही अंतर आपला वेग राखून मग भोवतालच्या प्रवाहात मिसळतो, असे गृहीत धरून नळ व पंख यांवरील घर्षण काढता येऊ लागले.

शिष्य व त्यांची पदे

प्रांट्ल हे प्रभावी वक्ते नव्हते. प्रत्येक विधान अचूक करण्याच्या आग्रहामुळे त्यांची व्याख्याने रेंगाळत. त्यांचे खरे शिकविणे प्रयोगशाळेत व चर्चासत्रांत होई. विद्यार्थ्याला सुटण्यासारखा प्रश्न निवडून देणे आणि त्याने केलेल्या कामाचे श्रेय त्याला देणे, या दोन गोष्टींसाठी ते ओळखले जात.

त्यांच्या हाताखाली तयार झालेल्यांच्या पुढील नेमणुका पाहिल्या, तर या विषयाचा नकाशाच समोर येतो. थिओडोर फॉन कार्मान आखेनला प्राध्यापक झाले आणि १९३० मध्ये अमेरिकेत कॅलिफोर्निया तंत्रशास्त्र संस्थेत गेले. याकोब आकेरेट झुरिकला, वाल्टर टोलमिएन ड्रेस्डेनला आणि हेर्मान श्लिक्टिंग ब्राउनश्वाइगला गेले. आडोल्फ बुझेमान यांनी १९३५ मध्ये रोम येथील परिषदेत अतिवेगवान विमानांसाठी मागे झुकलेल्या पंखाची कल्पना मांडली. पहिले शिष्य ब्लाझिउस यांनी मात्र संशोधन सोडून हॅम्बर्ग येथील अभियांत्रिकी विद्यालयात अनेक दशके अध्यापन केले.

स्त्रियांची वाट अधिक अवघड होती. इर्मगार्ड लोट्झ या १९२९ मध्ये ग्यॉटिंगनला आल्या. पंखावरील उद्धरणाची वाटणी काढण्याची व्यवहार्य रीत त्यांनी लवकरच शोधली व ती विमान अभियंत्यांच्या नित्य वापरात आली. तरीही जर्मनीत त्यांना प्राध्यापकपद मिळाले नाही. विवाहानंतर फ्ल्यूगे-लोट्झ या नावाने त्या अमेरिकेत गेल्या व स्टॅनफर्ड विद्यापीठात अभियांत्रिकीच्या पहिल्या महिला प्राध्यापक झाल्या. चीनच्या लू शिजिया यांनी युद्धकाळात प्रांट्ल यांच्याकडे डॉक्टरेट पूर्ण केली व मायदेशी परतून बीजिंगमध्ये वायुयामिकीचे अध्यापन उभे केले.

नाझी राजवटीतील वर्तन

१९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आल्यावर ज्यू वंशाच्या सरकारी सेवकांना काढून टाकण्याचा कायदा झाला. माक्स बॉर्न, रिचर्ड कूरांट, एमी नोएथर यांच्यासारखी माणसे ग्यॉटिंगनमधून गेली आणि ज्या गणित-भौतिकी परंपरेच्या आधारावर प्रांट्ल यांना तेथे बोलाविले गेले होते, ती काही महिन्यांत मोडली. कूरांट यांना पदावर ठेवावे या अर्जावर सही करणाऱ्यांत प्रांट्ल होते. अर्जाचा उपयोग झाला नाही.

त्याच काळात त्यांची स्वतःची संस्था मात्र वाढत होती. नव्या हवाईमंत्रालयाने वातविवरांसाठी भरपूर पैसा दिला आणि कर्मचाऱ्यांची संख्या कित्येक पटींनी वाढली. एकाच गावात एका विभागातील विद्वानांची पदे जात होती आणि दुसऱ्या विभागात नवी पदे भरली जात होती. प्रांट्ल नाझी पक्षाचे सदस्य नव्हते. संस्थेतील योहान निकुराड्झे या नामवंत प्रयोगकर्त्याने पक्षातील हितसंबंधांच्या बळावर प्रांट्ल यांच्या अधिकाराला आव्हान दिले, तेव्हा त्यांनी त्याला १९३४ मध्ये दूर केले. खडबडीत नळांतील प्रवाहावरचे निकुराड्झे यांचे प्रयोग मात्र आजही अभियंते वापरतात.

आर्नोल्ट झॉमरफेल्ड यांच्या निवृत्तीनंतर म्युनिकमधील सैद्धांतिक भौतिकीचे पद वेर्नर हायझेनबर्ग यांना मिळावे अशी शास्त्रज्ञांची अपेक्षा होती. आइन्स्टाइन यांचा सिद्धांत शिकवितात म्हणून हायझेनबर्ग यांच्यावर हल्ले होत होते. १९३८ मध्ये प्रांट्ल यांनी हाइनरिक हिमलर यांच्यापाशी त्यांची बाजू मांडली आणि पत्रानेही पाठपुरावा केला. वैयक्तिक हल्ले थांबले, पण पद मिळाले नाही. १९३९ मध्ये ते विल्हेल्म म्युलर या वायुयामिकीच्याच माणसाला देण्यात आले, ज्याचे सैद्धांतिक भौतिकीत काही काम नव्हते. आपल्याच विषयातील व्यक्तीला मिळालेल्या या पदाचा फायदा प्रांट्ल यांनी मानला नाही. योग्य शिक्षकांवाचून पुढची पिढी घडणार नाही, असा इशारा त्यांनी १९४१ मध्ये हेर्मान ग्योरिंग यांना दिला.

याला दुसरी बाजूही आहे. परदेशी सहकाऱ्यांना लिहिलेल्या पत्रांत त्यांनी जर्मन राजवटीचे समर्थन केले. केंब्रिजचे जेफ्री इंग्राम टेलर हे त्यांचे अनेक वर्षांचे स्नेही होते. महायुद्धाच्या तोंडावर या मतभेदांमुळे हा स्नेह तुटला. युद्धकाळात ते हवाईमंत्रालयाच्या संशोधन व्यवस्थापनात प्रमुख स्थानी होते आणि त्यांच्या संस्थांचे काम युद्धविमानांसाठी वापरले गेले. युद्धानंतरही ते स्वतःला राजकारणाबाहेरचा शास्त्रज्ञच समजत राहिले. कार्मान यांच्यासह अनेकांना हे पटले नाही.

युद्धानंतर

एप्रिल १९४५ मध्ये अमेरिकी सैन्याने ग्यॉटिंगन ताब्यात घेतले. त्यानंतर आलेल्या तज्ज्ञांच्या पथकात अमेरिकी गणवेशातील कार्मान आणि त्यांचे चिनी शिष्य चिअन श्वेसेन हे होते. गुरू, शिष्य आणि शिष्याचा शिष्य समोरासमोर आले, पण चौकशी शिष्य करीत होता. चिअन पुढे चीनच्या क्षेपणास्त्र कार्यक्रमाचे जनक ठरले.

वातविवरे उखडली गेली व संशोधक पांगले. बुझेमान अमेरिकेत गेले. डीट्रिक क्यूखेमान इंग्लंडमधील फार्नबरोला गेले व कॉन्कॉर्ड विमानाच्या पंखाच्या आखणीत त्यांचा मोठा वाटा राहिला. प्रांट्ल सत्तरीचे झाले होते. त्याही स्थितीत त्यांनी कार्ल वीगहार्ट यांच्याबरोबर संक्षुब्ध प्रवाहातील ऊर्जेवर एक महत्त्वाचा निबंध १९४५ मध्ये प्रसिद्ध केला. १९४७ मध्ये ते विद्यापीठातून निवृत्त झाले. अखेरच्या वर्षांत त्यांचे लक्ष हवामानशास्त्राकडे, विशेषतः डोंगरउतारावरून वाहणाऱ्या वाऱ्यांकडे, वळले होते. १५ ऑगस्ट १९५३ रोजी ग्यॉटिंगन येथे त्यांचे निधन झाले.

भारताशी संबंध

प्रांट्ल यांच्या शिष्यांत कोल्हापूर जिल्ह्यातील हसूरचंपू येथे जन्मलेले विष्णू माधव घाटगे हे होते. १९३० च्या दशकात त्यांनी ग्यॉटिंगनला जाऊन डॉक्टरेट मिळविली. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत १९४२ मध्ये वैमानिक अभियांत्रिकीचा विभाग सुरू झाला, तेव्हा त्याची उभारणी घाटगे यांनी केली. पुढे हिंदुस्तान एअरक्राफ्ट कंपनीत त्यांच्या मार्गदर्शनाखाली एचटी-२ हे प्रशिक्षण विमान तयार झाले. त्याचे पहिले उड्डाण १९५१ मध्ये झाले. प्रांट्ल यांचे दुसरे शिष्य ओस्कार टीट्येन्स हेही काही काळ बंगळूरच्या विभागाचे प्रमुख होते. त्यांच्यानंतर ती जबाबदारी सतीश धवन यांच्याकडे आली. भारतात या विषयाच्या अध्यापनाचा व नोकऱ्यांचा पाया ज्या विभागात घातला गेला, त्याची एक मुळी अशी थेट ग्यॉटिंगनला पोहोचते.

सन्मान व वारसा

प्रांट्ल यांना १९२८ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीचे परदेशी सदस्यत्व व १९३० मध्ये डॅनिएल गुगेनहाइम पदक मिळाले. हे पदक त्यांच्या आधी ऑर्व्हिल राइट यांना देण्यात आले होते. नोबेल पारितोषिकासाठी त्यांचे नाव सुचविले गेले, पण ते त्यांना मिळाले नाही. १९४२ मध्ये प्रसिद्ध झालेले त्यांचे प्रवाहशास्त्रावरील पाठ्यपुस्तक अनेक भाषांत गेले व त्याच्या सुधारित आवृत्त्या आजही निघतात. उष्णतेच्या वहनातील प्रांट्ल अंक आणि चंद्राच्या पलीकडील बाजूचे एक विवर त्यांच्या नावाने ओळखले जाते.

ग्यॉटिंगनमधील त्यांच्या प्रयोगशाळेचा वारसा आज जर्मन अवकाश व वैमानिकी केंद्र आणि एक माक्स प्लांक संस्था चालवीत आहेत. विमान, टर्बाइन, पवनचक्की, पंप किंवा हवामानाचा अंदाज यांवर काम करणाऱ्या अभियंत्याला पृष्ठभागालगतच्या पातळ थराचा हिशेब आजही करावाच लागतो. त्या थराचा शोध भुसा ओढणाऱ्या नळीतून सुरू झाला होता.